तीन सरळ रेषा

लटारी निकुरे लॅबच्या दारात चपला काढून उभे होते. इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये चपला काढायच्या नसतात, पायात असू द्यायच्या असतात, हे तुम्हाला मीच शिकवलंय ना, असं मी दोनदा म्हणाले, तेव्हा त्यांनी त्या पुन्हा पायात सरकवल्या आणि आत आले. पण स्टुलावर बसले नाहीत.

"मॅडम, तुमचं ते मोजायचं यंत्र घेऊन आजच चला जी," ते म्हणाले. "दोनची बस आहे."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात शिकवत होते. सरकारी इमारतींवरच्या इलेक्ट्रिशियन लोकांसाठी आम्ही उन्हाळ्यात दहा दिवसांचा वर्ग घ्यायचो. लटारीभाऊ आदल्या वर्षी त्या वर्गाला येऊन गेले होते. पन्नाशीचा माणूस, कमी बोलणारा, वहीत सगळं स्वच्छ उतरवून घेणारा. मुरपाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात ते एकवीस वर्षं होते. जनरेटर, पंप, दिवे, पंखे, सगळं त्यांच्याकडे.

तीन दिवसांपूर्वी तिथे काय झालं ते पेपरात चार ओळींत आलं होतं. सोमवारी दुपारी लाईट गेली, जनरेटर सुरू झाला. तासाभराने अचानक नवजात बाळांच्या खोलीतला बल्ब पांढराफटक पेटून फुटला आणि हवेतून ऑक्सिजन काढणारी दोन्ही यंत्रं धूर सोडून बंद पडली. आत एकच बाळ होतं, सातव्या महिन्यात जन्मलेलं, अकरा दिवसांची मुलगी. सिलेंडर स्टोअरमध्ये होता, स्टोअरची किल्ली जेवायला गेलेल्या माणसाकडे. लटारीभाऊंनी कुलूप तोडून सिलेंडर खांद्यावर आणला. नऊ मिनिटं लागली. मुलगी संध्याकाळी गेली.

पेपरात नव्हतं ते लटारीभाऊंनी सांगितलं. त्याच संध्याकाळी जनरेटर पुरवणाऱ्या कंपनीचा इंजिनीअर, चिंचोळकर नावाचा, येऊन गेला. त्याने मुख्य पॅनेल उघडलं, न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेच्या, नटाला पाना लावला आणि अधीक्षक डॉक्टर येरणे यांना दाखवलं, की हा अर्धा आटा सैल आहे. न्यूट्रल सैल असला की तीन फेजपैकी एकाचं व्होल्टेज वर उसळतं, दुसऱ्याचं खाली जातं. वर उसळलेल्या फेजवर बाळांची खोली होती. म्हणजे दोष जनरेटरचा नाही, पॅनेल सांभाळणाऱ्याचा. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं.

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

त्यांचं म्हणणं वेगळं होतं. लाईट उसळली, त्याच्या आधी एक क्षण पाण्याचा मोठा पंप बंद झाला होता. जनरेटरवरचा भार एकदम उतरला की व्होल्टेज आवरायचं काम त्याच्या आतल्या रेग्युलेटर कार्डाचं. ते कार्ड बिघडलेलं असेल तर व्होल्टेज सेकंद-दोन सेकंद मोकाट सुटतं आणि पुन्हा जागेवर येतं. साध्या मीटरचा आकडा हलेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. त्यांनी मीटर धरून पाहिलं होतं. काही कळलं नव्हतं.

माझ्याकडे ते पकडायचं साधन होतं. लॅपटॉपला जोडायचं मोजणी-कार्ड, सेकंदाला हजारो वेळा व्होल्टेज टिपणारं. तिन्ही फेज एकाच वेळी टिपले की निकाल लागत होता. जनरेटरचं रेग्युलेटर कार्ड बिघडलं असेल तर तिन्ही एकदम वर जातील. न्यूट्रल सैल असेल तर एक वर, एक खाली. इतकं सोपं होतं ते.

फक्त आमचं मोजणी-कार्ड दहा व्होल्टच घेऊ शकत होतं. जनरेटरच्या एका फेजवर दोनशे तीस, दोन फेजच्या मध्ये चारशे पंधरा.

"रेझिस्टन्स लावा ना जी," ते म्हणाले. "एक मोठा, एक लहान, व्होल्टेज वाटून घ्या. वायर मी जोडतो. तुम्ही दूर बसा."

मी त्यांना समजावलं, आणि ते मला आजही शब्दन् शब्द आठवतं. नुसते दोन रेझिस्टन्स लावले तर जनरेटर आणि लॅपटॉप एकाच तारेवर राहतात, मध्ये आडोसा राहत नाही. धाकट्या रेझिस्टन्सचं एक टोक जरी सुटलं तरी पूर्ण व्होल्टेज मोजणी-कार्डावर येतं, त्यातून लॅपटॉपवर आणि लॅपटॉपवरून त्याला हात लावणाऱ्यावर. मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा. त्याच्या दोन गुंडाळ्यांत तारेचा संबंध नसतो, म्हणून पलीकडे काहीही झालं तरी अलीकडचा माणूस वाचतो. प्रत्येक तारेत फ्यूज हवा. सगळं बंद पेटीत हवं. जोडणी जनरेटर बंद असतानाच करायची.

"लॅबमध्ये ट्रान्सफॉर्मर नाहीत?"

होते. दोन. दोनशे तीसवर चालणारे. पण जो दोष शोधायचा होता त्यात व्होल्टेज तीनशेच्या वर जायचं, आणि तिथे त्यांचं लोखंड दमतं, आकडा खोटा येतो. मला चारशे चाळीसचे हवे होते, आणि तीन हवे होते. मी त्यांच्यासमोरच नागपूरच्या दुकानाला फोन लावला. बनवून द्यायला आठवडा लागेल, असं दुकानदार म्हणाला.

लटारीभाऊ माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी वाद घातला नाही. फक्त जाताना दारात थांबून म्हणाले, "दोनवर नाही का होणार, मॅडम? खोटा तर खोटा, कायतरी तर दिसन."

"खोट्या आकड्याचा तुम्हाला काय उपयोग?" मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशी, आणि दोनची बस गाठायला गेले.

ट्रान्सफॉर्मर आठव्या दिवशी आले. त्या आठ दिवसांत मी रिकामी बसले नव्हते. फ्यूज बसवलेली, वरून झाकण लागणारी पेटी तयार केली. मोजणी-कार्डाकडच्या तारांचं एक टोक अर्थिंगला, म्हणजे जमिनीला, जोडायची सोय केली. आल्या-आल्या तिन्ही ट्रान्सफॉर्मर लॅबमध्ये शून्यापासून साडेतीनशेपर्यंत चढवून पाहिले. पलीकडे साडेतीनशे असताना अलीकडे पाच व्होल्टही भरत नव्हते. मोजणी-कार्डाला कसलाच धोका नव्हता. माझ्या हातून इतकं नेटकं काम त्याआधी झालं नव्हतं, आणि मला त्याचा आनंदही झाला होता, हे लपवण्यात अर्थ नाही.

शुक्रवारी सकाळी मी मुरपाड्याला पोचले. डॉक्टर येरण्यांनी परवानगीचं पत्र दिलं. सभ्य माणूस, पण थकलेला. त्यांना कोणी दोषी हवा होता असं नाही. कुणीतरी दोषी ठरल्याशिवाय वरून येणारे फोन थांबणार नव्हते, एवढंच. रुग्णालयातल्या लोकांचे जबाब त्यांनी मला दाखवले. त्या क्षणी इतर वॉर्डांतले पंखे जोरात फिरले, असं सिस्टरने सांगितलं होतं. पंखे मंदावले, असं सफाईवाल्या बाईंनी. दोघी खरं बोलत होत्या, निदान दोघींना तसंच वाटत होतं.

लटारीभाऊ जनरेटरच्या खोलीबाहेर उभे होते. त्यांना कामावरून दूर ठेवलं होतं, पॅनेलला हात लावायची मनाई होती. मी जमिनीवर खडूने रेघ ओढली आणि त्यांना पलीकडे थांबायला सांगितलं. जनरेटर बंद करवला. मुख्य स्विचला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात ठेवली. तिन्ही फेज मेलेले आहेत हे मीटरने बघितलं, मीटर चालतंय का हे आधी चालू प्लगवर बघितलं. मग पेटीच्या तारा जोडल्या, झाकण लावलं, लॅपटॉप चार्जरवरून काढून त्याच्या बॅटरीवर घेतला आणि म्हटलं, सुरू करा.

पडद्यावर तीन रेषा उमटल्या. दोनशे एकतीस, दोनशे तीस, दोनशे बत्तीस.

पंप सुरू केला. रेषा जरा खाली वाकल्या आणि सावरल्या. पाच मिनिटांनी मी पंप बंद करायला सांगितला. रेषा दोन व्होल्टने उचलल्या आणि खाली बसल्या.

पुन्हा केलं. मग पंप आणि एक्स-रेचं यंत्र दोन्ही लावून एकदम बंद केलं. मग सगळा भार एका झटक्यात काढला. आठ वेळा. तीन सरळ रेषा, शेजारी-शेजारी, शाळेच्या वहीतल्यासारख्या. इतका चांगला जनरेटर मी त्या जिल्ह्यात पाहिला नव्हता.

लटारीभाऊंनी खडूच्या रेघेपलीकडून विचारलं, "काय दिसते जी?"

मी जनरेटर पुन्हा बंद करवला, कुलूप घातलं आणि त्याच्या कडेचा डबा उघडला. आत दोन वर्षांची डिझेलमिश्रित काळी धूळ बसली होती. तारांवर, पट्ट्यांवर, सगळीकडे. फक्त रेग्युलेटर कार्ड स्वच्छ होतं. त्याच्या चारही स्क्रूंवर स्क्रूड्रायव्हरची ताजी चमक होती.

मी डॉक्टरांना बोलावून दाखवलं. शनिवारी कंपनीचे लोक सर्व्हिसिंगला आले होते, पॅनेलमधला न्यूट्रलचा नटही तेव्हाच आवळला, असं डॉक्टरांनी सांगितलं. रजिस्टर काढलं. नोंद होती: तेल बदलले, फिल्टर बदलला. सही चिंचोळकरची. मी तिथूनच त्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, कार्ड पहिल्यापासून तेच आहे, सर्व्हिसिंगला पुसलं असेल. कार्डावरचा नंबर लिहून घेऊन मी तो मूळ कागदांशी ताडून पाहायचं म्हटलं, तर मूळ कागदांत कार्डाचा नंबर लिहिलेलाच नव्हता.

शनिवार. लटारीभाऊ गुरुवारी माझ्याकडे आले होते. मधे फक्त एक शुक्रवार होता.

रुग्णालयाच्या मागे हातपंपाजवळ एक सिमेंटचा ओटा होता. दुपारच्या उन्हात तिथे कोणी नव्हतं. लटारीभाऊ तिथे जाऊन बसले आणि मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांच्यापासून काही लपवायचं नव्हतं, म्हणून रेषांचंही सांगितलं आणि कार्डाचंही. कार्ड नवं दिसतंय हे अहवालात लिहीन, मी म्हणाले. त्यावर भांडता येईल. नोकरी वाचू शकेल.

"मले नोकरीचं नाही जी," ते म्हणाले.

मग त्यांनी जे सांगितलं ते गुरुवारी लॅबमध्ये सांगितलं नव्हतं. त्या सोमवारच्या पंधरा दिवस आधी पॅनेलमधलं एक टोक जळालं होतं म्हणून त्यांनी सगळं उघडलं होतं. नवीन टोक लावून एकेक नट आवळत आणला होता. तीन फेजचे आवळले. तेवढ्यात वरून हाक आली, ऑपरेशनच्या टेबलावरचा दिवा गेला, बाई टेबलावर आहे, लवकर या. ते धावत गेले. दिवा लावून परत आले, पॅनेल बंद केलं.

"न्यूट्रल आवळला होता का परत येऊन?"

"तेच तर मले आठवत नाही, मॅडम." ते हाताकडे बघत होते, उजव्या हाताकडे. "पाना हातात घेतला होता येवढं आठवते. पुढचं नाही आठवत. कधी वाटते आवळला. हाताले जोर लागल्याचं आठवते. पण तो जोर त्याच्या आधीच्या नटाचा असन तर?"

त्यांनी हात मांडीवर पालथा ठेवला.

"तुमचं यंत्र सांगन म्हणून आलो होतो मी. साहेबांसाठी नाही. त्या पोरीची माय आठ दिवस झाले, इथंच झाडाखाली बसून राहते. घरी जात नाही. तिच्यासमोरून जा-ये करतो मी. माह्या हातानं झालं का नाही झालं, येवढंच पाह्यजे होतं मले."

"लटारीभाऊ, कार्ड बदललंय. उगाच कोण बदलेल?"

"म्हणजे माह्या हातून नाही झालं?"

मी हो म्हणायला हवं होतं. एक शब्द होता. पण मी मोजणारी बाई. कार्ड बदललं याचा अर्थ जुनं बिघडलेलंच होतं असा होत नाही, आणि ते बिघडलेलं असलं तरी नट घट्ट होता असाही होत नाही. दोन्ही दोष एकत्र असू शकतात. हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात येऊन गेलं, आणि ते त्यांना माझ्या चेहऱ्यावर दिसलं.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुमी नीट मोजलं."

चौकशी महिन्याभराने झाली. तीन साहेब होते. मी कार्डाबद्दल लिहिलं होतं, पण त्यांनी रजिस्टर पुढे केलं. नोंद नाही म्हणजे बदल नाही. मग एकाने मला विचारलं, की तुम्ही मोजलंत त्या दिवशी जनरेटरमध्ये दोष होता का. नव्हता, मी म्हणाले. सैल न्यूट्रलमुळे असा प्रकार घडू शकतो का. घडू शकतो. धन्यवाद, तुम्ही बसू शकता. पुढे त्यांनी लटारीभाऊंना विचारलं, नट तुम्ही आवळला होता का. आवळला होता, एवढं म्हणाले असते तरी कोणी त्यांना खोटं ठरवू शकलं नसतं. ते म्हणाले, "आठवत नाही."

त्यांना कामावरून काढलं. अहवालात दुसऱ्या पानावर माझ्या मोजणीचा आधार दिला होता. 'तिन्ही फेज स्थिर', आणि खाली माझं नाव, माझ्या पदासकट.

त्यानंतर मी किती वेळा तो गुरुवार परत जगले ते मोजलेलं नाही. दोन ट्रान्सफॉर्मर होते. आकडा खोटा आला असता, पण दोन्ही रेषा एकदम वर गेल्या की एक वर आणि एक खाली, एवढं खोट्या आकड्यातूनही दिसलं असतं. नेमका खोलीचा फेज त्या दोनांत घेतला असता तर बहुतेक दिसलं असतं. शुक्रवारी जाता आलं असतं. सुरक्षितपणे जाता आलं असतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. लटारीभाऊंनी दारात उभं राहून तेच विचारलं होतं, आणि मी त्यांना अचूकतेचा धडा दिला होता.

चार वर्षांनी आमच्या उन्हाळी वर्गाला रज्जाक नावाचा मेकॅनिक आला. पूर्वी त्याच कंपनीत होता. ओळख निघाल्यावर मी त्याला मुरपाड्याचं विचारलं. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. हो मॅडम, म्हणाला, तिथलं कार्ड मीच बदललं होतं, शनिवार होता, वरून हुकूम होता की नोंद करायची नाही. मी त्याला विचारलं, जुनं कार्ड खराब होतं का.

"ते मी तपासलं नाही मॅडम. त्या साली त्या बनावटीची सगळीच कार्डं बदलायला सांगितली होती. काही खराब निघायची, काही चांगली. गोळा करून परत पाठवायचो. पुढे त्यांचं काय केलं, देव जाणे."

तरी मी गेले. निम्मं का होईना, त्यांच्या बाजूचं काहीतरी हाती लागलं होतं, आणि ते माझ्याकडे ठेवून मला बसवत नव्हतं.

लटारीभाऊंचं गाव मुरपाड्यापासून बारा किलोमीटरवर. मे महिना, दुपारचा एक वाजलेला. घरात पंखा नव्हता, दिवा नव्हता. भिंतीवर मीटर काढून नेल्याची चौकोनी फिकट जागा होती. त्यांच्या पत्नी पारबताबाईंनी सांगितलं, की कामावरून काढल्यावर पंधरा दिवसांतच त्यांनी अर्ज करून घरची लाईट कापून घेतली. पोरगी माहेरपणाला येते ती उकाड्याने दोन दिवसांत परत जाते. बोलून उपयोग नाही.

लटारीभाऊ परसातून आले. खूप वाळले होते, पण मला पाहून हसले. ओसरीवर गोणपाट टाकलं, पाणी दिलं. लॅबमधलं कोण कोण अजून आहे ते विचारलं. मी रज्जाकचं सांगितलं, त्याने सांगितलं तसं, काही गाळलं नाही आणि काही जोडलं नाही. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे कार्ड बदललं ते खरं," ते म्हणाले.

"हो."

"आणि जुनं खराब होतं का, ते कोणालेच माहीत नाही."

"नाही."

त्यांनी अंगणाकडे पाहिलं. कोंबड्या सावलीला बसल्या होत्या.

"मॅडम," ते म्हणाले, आवाजात राग नव्हता, "वर्षातून चार-सहा दिवस असे येतात का, सकाळी उठलो का मले वाटते, माह्या हातून नाही झालं ते. आवळला होता मी. नक्की आवळला होता. त्या दिवशी बरं राह्यते मले. जेवण जाते." ते थांबले. "आजचा दिवस तसा होता."

आतून पारबताबाईंनी विचारलं, दोन ताटं घेऊ का.

"मॅडमचं घे," ते म्हणाले.